दोन कळांची अदलाबदल

"मोजा आणलाय मी. आज हाताला चढवतेच," वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या. "दिवसभर नुसती चादर कुरतडतात हो. सलाइनची नळी निघता निघता वाचली काल."

कळलावे खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ताईच्या डाव्या हाताकडे बघत होते. उजवा हात उशीवर ठेवला होता तसाच पडून होता. मेंदूला झटका आल्यापासून त्यानं अंग काढून घेतलं होतं. वाचा गेली होती. डोळे उघडे असत, पण समोर कुणीही आलं तरी त्याच्यावर ठरत नसत. चालू होता तो एवढा डावा हात. पोटावरच्या चादरीवर त्याची बोटं टपटपत, मध्येच डावीकडे सरकत, तिथं एखाद्या जागी दाबल्यासारखं करत आणि मग हात वर उचलला जाई. तसाच हवेत राही. पुन्हा खाली येई.

सिस्टरांनी कापडी मोजा पुढे केला.

"जरा थांबा," कळलावे म्हणाले.

"अहो, मला पुढच्या खाटेवर जायचंय."

"जा ना. पण मोजा नको. मला बघू द्या जरा."

ते इतके वाकले की नाक चादरीला टेकायचं बाकी राहिलं. सिस्टरांना वाटलं, बिचारा रडतोय. त्या हळूच बाजूला झाल्या. कळलावे रडत नव्हते, ते वाचत होते.

कळलावे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते याच हॉस्पिटलनं दिलेलं नाव. एके काळी इथल्या तळघरात कपाटांच्या रांगेएवढं मोठं कॉम्प्युटर मशीन होतं आणि मजल्यामजल्यावर त्याची टर्मिनलं होती. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. अक्कल सगळी तळघरात. पण ही टर्मिनलं एकाच वेळी घेतलेली नव्हती. भरतीच्या काउंटरला एका जातीची, प्रयोगशाळेत दुसऱ्या, औषधांच्या कोठारात तिसऱ्याच. प्रत्येक जातीचा कीबोर्ड निराळा. इथं जी कळ पान पुढे नेई, तीच तिथं भरलेलं सगळं पुसून टाकी. त्यामुळं माणसाची बदली एका टेबलावरून दुसऱ्यावर झाली, की पहिला आठवडा त्याला पळता भुई थोडी व्हायची. मग कळलावे तळघरातून वर येत आणि मशीनला एक तक्ता करून देत. तक्त्याचा मतलब एवढाच: या कीबोर्डवर माणसानं ही कळ दाबली, की त्या कीबोर्डवरची ती कळ दाबली असं तू समजून घे. बदलायचं ते मशीननं बदलावं, माणसाच्या हाताला त्रास देऊ नये.

कळा लावतो तो कळलाव्या, असं औषधांच्या कोठारातलं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. वास्तविक या गृहस्थांनी जन्मात कधी दोघांत भांडण लावलं नाही. लागलेलं सोडवायलाही गेले नाहीत, भित्रे होते. पण नाव ठेवणाऱ्याला तेवढी चौकशी करायला वेळ कुठला?

या कामात त्यांनी एक रीत बसवून घेतली होती. माणसाला कधी विचारायचं नाही. तुम्ही पान पुढे कसं नेता, असं विचारलं की चांगला मुरलेला माणूससुद्धा विचारात पडतो आणि बेधडक चुकीची कळ सांगतो. ही गोष्ट त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आली ती ताईमुळंच.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून आईच्या जागी तीच. याला न्हाऊ घातलं तिनं, शाळेत ढकललं तिनं, आणि पुढं या हॉस्पिटलात चिकटवलं तेही तिनंच. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक कार्टं सांभाळून पोट भरलं माझं." ती भरतीच्या काउंटरवर बसायची. आलेल्या आजाऱ्याला रिकामी खाट शोधून देणं हे तिचं काम. त्या काउंटरवर नवे कीबोर्ड यायचे होते, म्हणून कळलावे जुन्याचा तक्ता करायला गेले होते. तेव्हा ते नुकतेच कामाला लागले होते आणि डोक्यावर केस होते.

"ताई, रिकाम्या खाटा बघायला कुठलं बटण दाबतेस?"

"ते रे, ते हे... नाही, ते नव्हे." ताईनं हात उचलून हवेत धरला आणि चिडून खाली घेतला. "मला काय विचारतोस? हाताला विचार."

ती तिरसटपणानं बोलली होती, पण भावानं ते अक्षरशः घेतलं. त्यानं तिच्यापुढचा कीबोर्ड काढून घेतला. म्हणाला, "डोळे मीट. हात टेबलावर ठेव. आता समज, एक बाई आलीय, ताप आहे, दम लागलाय. खाट दे तिला."

"वेडा आहेस का? लोक बघताहेत."

"दे की गं."

ताईनं डोळे मिटले आणि मोकळ्या टेबलावर तिची बोटं चालू लागली. डावा हात डावीकडे गेला. तिथं कीबोर्डच्या कडेला खास कामांच्या कळांच्या दोन उभ्या रांगा असत, एक आतली आणि एक बाहेरची. बोटांनी त्यातली एक जागा दाबली. मग हात वर उचलला गेला आणि तसाच थांबला.

"थांबलीस का?"

"उत्तर येतंय ना मशीनचं," ताई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मध्ये हात लावला तर अडकतं."

ते खरंच होतं. जुन्या टर्मिनलची तऱ्हा अशी, की एकदा कळ दाबली की तळघरातून उत्तर येईपर्यंत कीबोर्डला कुलूप. घाई केली तर तो रुसून बसे. म्हणून मुरलेला माणूस हात उचलून धरायचा. पण इथं ना मशीन होतं, ना पडदा, नुसतं लाकूड. आणि ताई उत्तराची वाट बघत होती. उत्तर आल्यासारखी मान हलवून तिनं पुढचं पान घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि त्या तापवाल्या बाईला कुठंतरी खाट मिळाली. कळलाव्यांच्या अंगावर काटा आला. आपल्याला वाटतं तेवढ्याच जागेत माणूस मावत नाही, त्याचा बराचसा भाग असा हातात वगैरे ठेवलेला असतो, असं काहीतरी त्या दिवशी त्यांच्या मनात येऊन गेलं. पुढं नोकरीभर त्यांनी शेकडो माणसांना मोकळ्या टेबलावर डोळे मिटून बसवलं आणि त्यांचे हात वाचून तक्ते केले. ते आश्चर्य कधी शिळं झालं नाही.

म्हणून आज चादरीवर काय चाललंय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. डावीकडे, बाहेरची रांग, वरून तिसरी: रिकाम्या खाटा. हात वर, थांबणं. आतली रांग, खालून दुसरी: पुढचं पान. हात वर, थांबणं. पुढचं पान. पुढचं पान.

सिस्टर परत आल्या तेव्हा कळलाव्यांनी डोळे पुसले होते.

"ती कुरतडत नाहीये, सिस्टर. कामावर गेलीय."

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. त्याही ताईच्या काउंटरवरून खाटा घेत घेतच म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. त्यांनी मोजा घडी करून खिशात घातला. "डॉक्टरीणबाईंना दाखवा. माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. सरळ बाई. खोटी आशा दाखवायची नाही आणि तोडूनही बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत. त्यांनी ताईच्या डोळ्यांत उजेड पाडला, हात उचलायला सांगितलं, बोट दाबायला सांगितलं. ताईनं काहीच केलं नाही. हात आपला चादरीवर चालूच.

"हे बघा," डॉक्टरीणबाई कळलाव्यांना म्हणाल्या, "शुक्रवारी मला ठरवावं लागेल. थेरपी वॉर्डात खाटा थोड्या आहेत. ज्या पेशंटला नवीन काही शिकता येतं, त्यालाच तिथं ठेवता येतं. नाहीतर मागच्या इमारतीत."

मागची इमारत सगळ्यांना ठाऊक होती. तिथं माणसाची आबाळ होत नसे. वेळच्या वेळी जेवण, स्वच्छ कपडे, कुशीवर वळवणं सगळं होई. फक्त तिथून कुणी परत येत नसे.

"मॅडम, तिचा हात बघा. ती काम करतेय. हे बघा, आता थांबली, ही उत्तराची वाट बघतेय. म्हणजे आत ती आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. अगदी वाकून, कळलाव्यांसारखंच, हात बघितला. "तुमचं बरोबर असेल. त्या तेच करत असतील," त्या म्हणाल्या. "पण सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते. झोपेत चालणारा माणूस जिना बरोबर उतरतो, पायरी चुकत नाही. म्हणून तो जागा आहे असं नाही म्हणता येत. हे थांबणंसुद्धा सवयीचाच भाग असू शकतं."

कळलाव्यांना वाईट वाटलं ते वेगळंच, पण बाईंचं म्हणणं पटलंही होतं. हात वेगळा आणि माणूस वेगळा असं तर तेच नोकरीभर सांगत आले होते.

"तुम्हाला आणखी काही करून बघायचं असेल तर बघा," जाता जाता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेरपिस्टना बोलावून घ्या. माझी हरकत नाही."

घरी बायकोनं सगळं ऐकलं. तिचं आणि ताईचं सख्य म्हणजे भांड्याला भांडं लागणारं, पण ताईला इस्पितळात नेल्यापासून ती नीट जेवली नव्हती.

"जित्याची खोड," ती म्हणाली आणि तिचाच आवाज फाटला. "अंथरुणावर पडूनसुद्धा लोकांना खाटा वाटतेय. अहो, तुम्ही इतकी वर्षं काढलीत तिथं. वरच्या साहेबांना सांगा की एक शब्द. थेरपीतली एक खाट आपल्याला नाही मिळायची?"

"ताईनं काउंटरवर बसून कधी कुणाची खाट मागंपुढं केली नाही. तुझ्या वडिलांचीसुद्धा नाही."

"ते मला नका सांगू. मी विसरलेली नाहीये."

ती उठून ओटा पुसायला लागली. मग बायको म्हणाली, "मग तिचं ते मशीन तिला द्या. चादरीवर काय कळणार बिचारीला, उत्तर कोण देतंय तिथं?"

कळलावे बायकोकडे बघतच राहिले. तक्ते करण्यात हयात गेली आणि ही एवढीशी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. ताई कळ दाबते, हात उचलून थांबते, आणि उत्तर येत नाही. किती दिवस येत नाहीये. तरी ती पुन्हा दाबते.

मोठं मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. भरतीच्या काउंटरचे जुने कीबोर्डही गेले होते. हॉस्पिटलच्या अडगळीच्या खोलीत धुंडाळल्यावर एकच जुना कीबोर्ड हाती लागला, तोही प्रयोगशाळेच्या जातीचा. दिसायला तसाच, डावीकडे कळांच्या त्याच दोन रांगा. पण कळांचे अर्थ सगळे निराळे. कळलाव्यांनी तो पुसला, घरच्या लॅपटॉपला जोडला आणि पुन्हा एक तक्ता करायला बसले. या कीबोर्डवर इथं दाबलं, तर त्या कीबोर्डवरचं तिथलं समज. शिवाय मोठ्या मशीनचं सोंग घेणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता: काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एकेका वॉर्डाचं एकेक पान, रिकाम्या खाटांचे आकडे. कळ दाबली की मुद्दाम थोडं थांबून उत्तर द्यायचं, जुनं मशीन देई तसं. बायकोनं जेवायला हाका मारल्या. शेवटी ताट बाजूलाच आणून ठेवलं. घाईघाईत तक्ता पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर आडवं टेबल सरकवलं. थेरपिस्ट आले होते. अंगानं दांडगे गृहस्थ, आवाज मात्र अगदी हळू. सिस्टरही उगीच चादर नीट करायच्या मिषानं घुटमळत होत्या. उशांचा टेकू देऊन ताईला बसवलं. कळलाव्यांनी तिचा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला आणि ते बाजूला झाले.

हात निपचित पडला. इतके दिवस न थांबलेला हात थांबला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "दमल्या असतील."

मग करंगळी हलली. ती कीबोर्डच्या कडेपर्यंत गेली, कड चाचपली, परत आली. बोटांनी रांगा मोजल्यासारखं केलं. बाहेरची रांग, वरून तिसरी. खट्.

जुन्या कळांचा तो आवाज ऐकून सिस्टरांना एकदम काउंटर आठवला असावा; त्यांनी तोंडाला पदर लावला. हात वर गेला आणि थांबला. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग त्याच्यावर हिरवी अक्षरं उमटली. ताईचे डोळे हलले. ते पडद्याच्या वरच्या कडेला गेले आणि एकेक ओळ करत खाली आले. झटका आल्यापासून ते डोळे कशावरही ठरले नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला उत्तर दिलं होतं.

कळलाव्यांनी थेरपिस्टांकडे बघितलं. थेरपिस्टांनी नुसती मान हलवली. त्यांना हवं होतं ते अजून दिसलं नव्हतं.

ताईनं आतल्या रांगेतली खालून दुसरी कळ दाबली. पुढचं पान यायला हवं होतं. पडदा काळा झाला आणि पुन्हा पहिलंच पान आलं.

कळलाव्यांना तत्क्षणी कळलं, काय झालंय ते. प्रयोगशाळेच्या कीबोर्डवर 'पुढचं पान' आणि 'पहिल्यापासून' या दोन कळांच्या जागा उलट्या होत्या. बाकी सगळ्या कळा त्यांनी तक्त्यात बदलून घेतल्या होत्या, नेमक्या या दोन राहून गेल्या होत्या. इतक्या वर्षांत असली चूक त्यांच्या हातून झाली नव्हती, आणि झाली ती आज. ताईनं पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा पहिलंच पान.

"माझी चूक आहे, माझी," म्हणत ते लॅपटॉपकडे धावले. "एक मिनिट, आत्ता नीट करतो."

थेरपिस्टांनी त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नका."

"अहो, बटण उलटं लागलंय. तिला कसं कळणार?"

"तेच बघायचंय. राहू द्या तसंच."

तिकडे ताईचा हात कळेवर अडला होता. सवयीचा हात असता तर तो दाबतच राहिला असता, चादरीवर दाबत होता तसा. हा राहिला नाही. ताईनं हात उचलला. तिची मान सावकाश खाली वळली आणि ती त्या कळेकडे बघू लागली. भरतीच्या काउंटरवर ज्या बाईनं जन्मात कधी कीबोर्डकडे बघितलं नव्हतं, ती आता कळा बघत होती. मग तिनं मान वर केली आणि भावाकडे बघितलं.

कपाळाला एक आठी, भुवया जवळ, आणि नजर सरळ त्यांच्यावर. काय करून ठेवलंयस हे, असं विचारणारी. लहानपणी शाई सांडली तेव्हा, पहिल्या पगाराचं पाकीट हरवलं तेव्हा, असं कितीदा तिनं बघितलं असेल. कळलाव्यांना रागाची ती नजर दिसली आणि जग परत मिळाल्यासारखं वाटलं.

ताई पुन्हा कळांकडे वळली. तिनं शेजारची एक कळ दाबली. पडदा मागं गेला. तिनं वाट बघितली, पान वाचलं, सोडून दिलं. दुसरी दाबली. काहीच झालं नाही. मग बाहेरच्या रांगेतली शेवटची कळ दाबली, आणि पुढचं पान आलं.

ताई पान वाचत बसली.

"आता पहिल्यापासून करून बघू," थेरपिस्ट हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी पडदा पुसून टाकला.

ताईनं रिकाम्या खाटांची कळ दाबली. हात वर, उत्तर आलं. मग बोट सवयीनं आतल्या रांगेकडे निघालं, खालून दुसऱ्या कळेवर आलं आणि तिच्यावर, न दाबता, थबकलं. मग तिथून सरकून बाहेरच्या रांगेतल्या शेवटच्या कळेवर गेलं आणि त्यानं ती दाबली.

कळलावे स्टुलावर बसले. माणसाची सवय बदलत नसते, म्हणून मशीनला समजावायचं, या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली होती, पोट भरलं होतं, घर चालवलं होतं. आणि इथं अर्धा मेंदू विझलेली, एक हात गेलेली, तोंडातून शब्द न फुटणारी त्यांची बहीण दोन-चार चुकांत अख्ख्या जन्माची सवय ओलांडून पलीकडे गेली होती. हे कुठं होतं आत? कुणी केला तक्ता? तळघरातलं मशीन आत कसं चालतं हे त्यांना तारेतारेनं ठाऊक होतं, तरी त्याच्यापुढं ते कधी असे हात जोडून बसले नव्हते. आपले हात जोडले गेलेत हेही त्यांना सिस्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला तेव्हा कळलं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन बघितलं. थेरपिस्टांनी आणखी दोन कळा उलट्या करायला लावल्या होत्या, ताईनं त्याही शोधल्या. डॉक्टरीणबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "थेरपी वॉर्डात हलवू या." आणि कळलाव्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बोलणं परत येईलच असं मी म्हणणार नाही. उजव्या हाताचंही नाही. ते तुम्ही धरून ठेवू नका."

"नाही धरत," कळलावे म्हणाले. ते खरं नव्हतं, पण बाईंनी ऐकून घेतलं.

थेरपिस्टांनी मात्र त्यांना एक काम लावून दिलं. "रोज एक बटण बिघडवून आणायचं. त्यांना पाठ झालं, की पुढचं. चुकलं की मेंदू वाट शोधतो. सगळं बरोबर चालत राहिलं तर तो झोपतो."

ऐकायला सोपं होतं. संध्याकाळी कळलावे तक्ता उघडून बसले. एक कळ बिघडवायची, एवढंच. पण त्यांचा हात उठेना. नोकरीभर त्यांनी उलट्या कळा सुलट्या केल्या होत्या. एखाद्या टेबलावरच्या माणसाला एक कळ टोचतेय म्हणून सणाच्या सुटीलाही तळघरात जाऊन बसले होते. आता बरोबर असलेली कळ आपल्या हातानं चुकीची करायची, तीही ताईची. उद्या ती दाबणार, चुकणार, पुन्हा दाबणार. एखाद्या दिवशी कंटाळून हात टेकले तर?

"अहो, किती वेळ बघत बसणार आहात?" बायको म्हणाली.

"तिला त्रास होईल गं."

"होऊ दे. आपल्याला काय कमी दिला तिनं?" बायको त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "करा. ती शोधते."

त्यांनी पुढच्या पानाची कळ पुन्हा एका नव्या जागी दडवली आणि लॅपटॉप मिटून टाकला, विचार बदलायच्या आत.

सकाळी थेरपी वॉर्डात खिडकीतून ऊन आलं होतं. ताईचे केस सिस्टरांनी विंचरून घट्ट बांधले होते. तिनं रिकाम्या खाटांची कळ दाबली, थांबली, पान वाचलं. मग आधी शिकलेल्या कळेवर बोट नेलं आणि विश्वासानं दाबलं. पडदा भलतीकडेच गेला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा भलतीकडे.

ताईनं हात कीबोर्डवरून उचलला आणि खाली घेतला, मांडीवर. आठी नाही, नजर नाही. ती नुसती पडद्याकडे बघत बसली. हेच होणार म्हणून कळलावे घाबरत होते.

"बस का गं आता?" ते तिच्या तोंडाशी वाकून म्हणाले. "राहू दे का?"

मांडीवरचा हात उठला, थोडा डगमगत वर आला, आणि कळलाव्यांच्या टकलावर एक टपली बसली. फार जोराची नव्हती. हातात तेवढा जोर नव्हता. कळलावे वाकले होते तसेच वाकून राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांना हलायचं नव्हतं.

ताईनं त्यांना कोपरानं थोडं बाजूला सारलं, कारण ते पडद्याच्या आड येत होते, आणि ती दडवलेली कळ शोधायला लागली.